ए विंगमध्ये ताप कुणी आणला?

एकतीस वर्षं मी लोकांच्या दारांवर खडूनं लिहीत आलो. तारीख, आणि त्याखाली 'दि. मो.' म्हणजे दिगंबर मोहिते या घरी येऊन गेला, तापाची चौकशी केली, टाकीत डोकावला, पत्रक दिलं. वरून कुणी तपासायला आलं तर त्याला जिन्यातच कळावं की हा माणूस खरोखर फिरला आहे, टपरीवर चहा पीत फॉर्म भरलेले नाहीत. नवा रंग दिलेल्या घरातल्या बायका माझ्या मागोमाग ओला फडका घेऊन यायच्या. मी सांगायचो, "बेन, सरकारी अक्षर आहे." त्या पुसायच्याच. माझे आजोबा बडोदे सरकारच्या दफ्तरात कारकून होते आणि त्यांच्या वळणदार अक्षराचं दरबारात कौतुक व्हायचं म्हणतात. नातवाचं अक्षर निम्म्या शहराच्या दारांवर होतं, कौतुक सोडा, ते संध्याकाळपर्यंत टिकायचं नाही.

आरोग्यखात्यातलं माझं पद इतकं लांबलचक होतं की ते बायकोलाही कधी पाठ झालं नाही. बडोद्यात आम्हाला सगळे 'मेलेरियावाळा' म्हणतात. गोवर असो, कावीळ असो, नाहीतर कोरोना असो, दार उघडणारं पोर आत ओरडणार, "मम्मी, मेलेरियावाळा भाई आव्या!" मग मम्मी बाहेर येणार आणि काही विचारायच्या आधी ट्रेमध्ये पाण्याचा ग्लास आणणार. ही इथली रीत. दुश्मन आला तरी आधी पाणी. नाही म्हटलं तर घरचा अपमान. दिवसाला चाळीस घरं म्हणजे पाणी किती झालं याचा हिशेब वाचकांनीच करावा, आणि या खात्याच्या माणसाला शहरातली कुठली जागा सगळ्यात चांगली माहीत असते, तेही ओळखावं.

या नोकरीतलं मला सगळ्यात आवडणारं काम म्हणजे आजार कुठून आला ते शोधणं. ते दिसतं तितकं अवघड नाही. कोण आजारी आहे, पहिला त्रास कुठल्या वारी झाला, त्याआधी कोण कोण भेटलं, एवढं विचारायचं आणि वारांप्रमाणे यादी लावायची. मग सगळ्या आजारी घरांना जोडणारी एक गोष्ट शोधायची. एखादी टाकी असते, एखादा पाणीपुरीवाला असतो, एखादा माणूस असतो. कारेलीबागेतल्या एका गणिताच्या क्लासमधून पसरलेल्या कांजिण्या मी दोन तासांत शोधून काढल्या होत्या. परीक्षा जवळ आली म्हणून एका मातेनं चिरंजीवांना गळ्यापासून पायापर्यंत पावडर फासून क्लासला धाडलं होतं. आमच्या मेडिकल ऑफिसर मॅडम तेव्हा म्हणाल्या, "मोहितेभाई, तुम्ही तर डिटेक्टिव्ह निघालात." मॅडम गुजराती, पण शिक्षण पुण्यात झाल्यामुळे माझ्याशी हौसेनं मराठी बोलायच्या. त्यांचं ते वाक्य माझ्या डोक्यात गेलं आणि पुढे जे झालं ते तिथूनच सुरू झालं.

गोष्ट कोरोनाच्या आधीची. तेव्हा तोंडाला मास्क लावून कुणी दारात उभं राहिलं तर लोक पोलिसांना बोलावतील असे दिवस होते. स्वाइन फ्लूची बोंब होती आणि उत्तरायण, म्हणजे आपली संक्रांत, नुकतंच संपलं होतं. बडोद्यातलं उत्तरायण ज्यानं पाहिलेलं नाही त्याला सांगायला हवं. दोन दिवस आख्खं शहर गच्चीवर राहतं. पतंग, चिक्की, उंधियो, कानठळ्या बसवणारी गाणी, आणि कुणाचाही पतंग कापला गेला की सगळ्यांनी मिळून "काप्यो छे!" अशी आरोळी ठोकायची. पहिल्या दिवशी माणसं उडवतात, दुसऱ्या दिवशी वासी, म्हणजे शिळं, उत्तरायण, त्या दिवशी उरलेली ताकद उडवतात. तिसऱ्या दिवशी शहरात कुणाचाच आवाज जागेवर नसतो. भाजीवाला घोगरा, मास्तर घोगरे, बँकेत खिडकीपलीकडची बाईही घोगरी.

तर तिसऱ्या दिवशी, मंगळवारी, मी उठलो तो घसा खवखवतच. आमच्या सौभाग्यवती सुनंदानं चहा ठेवता ठेवता माझ्याकडे पाहिलं.

"आवाज बसलाय तुमचा. नाकही वाहतंय. माझ्या भावाला आल्यापासून सर्दी होती, त्याची लागली असेल. आज जाऊ नका."

"अगं, उत्तरायणाचा घसा आहे हा. दोन दिवस ओरडलोय."

"तुम्ही ओरडलात कुठे? तुमचा पतंगच उडाला नाही. तुम्ही फिरकी धरून उभे होतात."

हे खरं होतं. पण नवऱ्यानं मान्य करावं इतकं खरं नव्हतं. शिवाय त्या दिवशी फ्लूचा सर्वे सुरू व्हायचा होता आणि मी रजा टाकली असती तर माझी इमारत खात्यातल्या त्या बावळट पंड्याला मिळाली असती. तापाची एक गोळी घेतली, गळ्याला मफलर गुंडाळला आणि निघालो. मेहुण्यानं लग्नापासून आजवर मला दिलेली एकच वस्तू अशी की जी मी इतरांना सढळ हातानं वाटली, ती हीच.

मला मिळाली होती चंद्रमौली सोसायटीची ए विंग. पाच मजले, वीस घरं. प्रत्येक घरी जाऊन मी तीन कामं केली. पहिलं, पत्रक दिलं. फ्लूपासून कसं वाचावं याची गुजराती पत्रकं छापखान्यातून ताजी आली होती आणि एकमेकांना घट्ट चिकटली होती. त्यात माझा अंगठा मांज्यानं कापलेला, त्यावर चिकटपट्टी. (फिरकी धरणाऱ्यालाही मांजा कापतो, ही नोंद सुनंदासाठी.) त्यामुळे प्रत्येक पत्रक सुटं करायला मी जीभ लावून बोट ओलं करत होतो. त्या पत्रकावर दुसऱ्या ओळीत लिहिलं होतं की तोंडाला बोटं लावू नयेत. दुसरं काम, रजिस्टरवर सही घेतली. पेन एकच, माझं, जे सही नसेल तेव्हा माझ्या दातात. आणि तिसरं काम मी माझ्या कल्पकतेनं वाढवलेलं. खोकताना तोंड कोपरात कसं लपवायचं, हे मी करून दाखवायचो. आधी चुकीचं खोकून दाखवायचं, मग बरोबर.

पहिल्या मजल्यावर मी खोटं खोकत होतो. तिसऱ्या मजल्यापर्यंत मला खोटं खोकायची गरज उरली नाही.

तीनशे चारमध्ये घरच्या भाभी आणि स्वयंपाकघरात भांडी घासणारी कपिलाबेन अशा दोघी होत्या. कपिलाबेन गोरव्याहून यायची. नवरा तिथल्या एका कारखान्यात होता, कारखाना बंद पडला, आणि तेव्हापासून तिचं घर ए विंगमधल्या सहा घरांच्या कामावर चालत होतं. उत्तरायणाचे दोन दिवस सुटी घेऊन ती त्या दिवशीच परतली होती. मराठी घरांत वर्षानुवर्षं काम केल्यामुळे मराठी छान बोलायची. रागावली की गुजराती.

"कपिलाबेन, तुम्हीही या. खोकायचं कसं ते बघा."

"मला येतं की खोकता, भाई. लहानपणापासून येतं."

तरीही मी तिला दाखवलं. हातभर अंतरावरून. दोन्ही प्रकार. मग भाभींनी दिलेलं पाणी प्यालो आणि ग्लास तिच्याच हातात दिला. दारावर तारीख टाकली, 'दि. मो.' लिहिलं आणि वर चढलो.

गुरुवारी ए विंगमध्ये ताप सुरू झाला. शनिवारी सोसायटीचे सेक्रेटरी महेंद्रभाई यांचा फोन. "मोहितेभाई, नऊ घरं झोपली आहेत. तिसऱ्या मजल्यावरच्या कुलकर्णी आजोबांना तर दवाखान्यात दाखल केलंय. हे आणलं कोणी, एवढं शोधून द्या. तुम्ही तर जाणकार माणूस."

जाणकार माणूस हे शब्द ऐकून माझा तापही उतरल्यासारखा वाटला. हो, तोवर मला ताप होता. मी तो मोजला नव्हता इतकंच. खात्याचा थर्मामीटर लोकांसाठी असतो.

पार्किंगमध्ये प्लॅस्टिकची खुर्ची टाकून मी यादी केली. प्रत्येक घरच्या माणसाला खाली बोलावून एकच ठेवणीतला प्रश्न विचारला, "तुमच्या घरात बाहेरून येणारं, आणि बाकीच्या आजारी घरांतही जाणारं कोण?" नऊपैकी सहा घरांनी एकच नाव सांगितलं. कपिलाबेन. उरलेल्या तीन घरी ती जात नव्हती. त्यावर मी म्हटलं, लिफ्टमध्ये भेटली असेल. महेंद्रभाईंनी मान डोलावली. मी पेन दातात धरून, गंभीर चेहऱ्यानं, यादीच्या वर तिचं नाव लिहिलं आणि त्याभोवती गोल काढला. तो गोल अजून मला दिसतो. फार सुबक आला होता.

नेमकी त्याच वेळी कपिलाबेन गेटातून आत आली. पदर नाकाला, डोळे लाल. ताप आहे, दोन दिवस येणार नाही, एवढंच सांगायला आली होती. महेंद्रभाईंनी तिला लांबूनच थांबवलं आणि निकाल सांगितला. यापुढे कामाला यायचं नाही, सोसायटी दुसरी बाई बघेल.

ती माझ्याकडे वळली. "भाई, मला ताप काल आला. शुक्रवारी. तीनशे चारच्या भाभी गुरुवारीच शिंकत होत्या. मग मी कसा आणला?"

"काही लोकांच्या अंगात आजार लपून असतो, बेन. ताप दिसायच्या आधीच तो दुसऱ्याला लागतो. शास्त्र आहे हे."

"आणि लिफ्टमध्ये भेटली म्हणता. मला लिफ्टमध्ये घेतं कोण? ती पाटी वाचा."

लिफ्टच्या दारावर पाटी होती. कामवाल्यांनी जिना वापरावा. ती पाटी माझ्या खुर्चीपासून सहा फुटांवर होती आणि मी सकाळपासून तिच्याखालीच बसलो होतो. पण निकाल लागल्यावर पुरावा बघण्याची आमच्याकडे पद्धत नाही. मी म्हटलं, "जिन्यात भेटली असेल मग." तिनं माझ्याकडे असं पाहिलं की तसं माझ्याकडे फक्त एकदा, लग्नाच्या वाढदिवसाला मी सभेला गेलो तेव्हा, सुनंदानं पाहिलं होतं. ती गेली. महेंद्रभाईंनी फळ्यावर नोटीस लावली. मजकूर मी सांगितला. शुद्धलेखनही तपासलं.

सोमवारी मॅडम स्वतः आल्या. तीन आजाऱ्यांच्या घशातले नमुने तपासून आले होते, फ्लूच निघाला होता. मी अभिमानानं यादी पुढे केली. त्यांनी ती वाचली, परत वाचली.

"मोहितेभाई, ही बाई शुक्रवारी आजारी पडली?"

"हो, पण मॅडम, एक दिवस आधी पसरू शकतो ना."

"एक दिवस आधी म्हणजे गुरुवारी. पण इथे तर गुरुवारी लोक तापलेलेच आहेत. फ्लू आत शिरल्यावर दिसायलाही एक-दोन दिवस लागतात, कधी जास्त. म्हणजे या सगळ्यांनी तो घेतला मंगळवारी, बुधवारी. मंगळवारी इथे कोण आलं होतं?"

"विचारतो," मी म्हणालो. खरंच असं म्हणालो. नोकरीत मी बोललेलं सगळ्यात मूर्ख वाक्य निवडायचं झालं तर स्पर्धक पुष्कळ आहेत, पण पहिला नंबर याचाच.

आम्ही जिना चढू लागलो. पहिल्या आजारी दारापाशी मॅडम थांबल्या. दुसऱ्यापाशी थांबल्या. तिसऱ्या मजल्यावर पोचल्यावर त्यांनी दाराच्या चौकटीजवळ बोट नेलं.

"हे प्रत्येक दारावर काय लिहिलंय?"

"ती माझी खूण, मॅडम. मी येऊन गेल्याची."

"कधी?"

मी तारीख वाचली. मंगळवार. खाली दि. मो. कधी नव्हे ते कुणी पुसलं नव्हतं, कारण पुसणाऱ्या सगळ्या आत पांघरुणात होत्या.

मग मी खोकलो. कोपरात, बरोबर पद्धतीनं, हे आवर्जून सांगतो. मॅडम दोन पायऱ्या खाली गेल्या आणि पर्समधून थर्मामीटर काढून लांबूनच माझ्या हातात दिला. ताप एकशे एक निघाला.

"ताप असल्यास घरी बसा," त्या म्हणाल्या. "कुठे वाचलंय बरं मी हे?"

आठवडाभर मला घरी बसवण्यात आलं. सुनंदानं माझ्याकडचं एक उरलेलं पत्रक पलंगासमोरच्या भिंतीवर चिकटवलं. चिकटवायला जीभ नाही, ओला डिंक वापरला.

मंगळवारी तिनं बातमी आणली. चंद्रमौलीत तिच्या भिशीतली एक मैत्रीण राहायची. चार दिवसांत घराघरांत भांड्यांचे डोंगर झाले होते आणि नवी बाई ठरवायला बुधवारी संध्याकाळी पार्किंगमध्ये मीटिंग होती. एकदा बाई ठरली की संपलं. कपिलाबेनची सहाही घरं जाणार, आणि 'रोग घेऊन फिरणारी' हे बिरुद तिच्या आधी पुढच्या सोसायटीत पोचणार. मी महेंद्रभाईंना फोन लावला. पण आवाज पूर्ण गेला होता. पलीकडून ते "कोण? कोण बोले छे?" करत राहिले आणि मग घाणेरडा फोन समजून त्यांनी मला अशा शिव्या दिल्या की एवढ्या सभ्य माणसाला त्या येत असतील असं वाटलं नव्हतं.

बुधवारी मी तोंडाला खात्याचा मास्क लावला आणि रिक्षा न करता, माणसं टाळत चालत गेलो. आत जायचं नाही हे ठरलं होतं. आता निदान पुन्हा कुणाला द्यायचा नव्हता. गेटाबाहेर पोचलो तर तिथे कपिलाबेन उभी. तिलाही आत सोडलं नव्हतं.

पार्किंगमध्ये खुर्च्या मांडलेल्या. महेंद्रभाई बोलत होते. मी गजाला धरून ओरडलो. बाहेर आली ती फक्त हवा.

कपिलाबेन बघत होती. "काय झालं, भाई? कुणाला सांगायचंय?"

मी खिशातून पेन काढलं, आधी रुमालानं पुसलं, आणि खिशातल्याच एका कागदावर लिहिलं, 'ताप तुम्ही नाही, मी आणला.' तिनं ते वाचलं. तिला वाचायला वेळ लागला, की विश्वास ठेवायला, कुणास ठाऊक. मग ती एकदम माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. मी हातानं लांब राहायची खूण केली.

"आता कसलं लांब?" ती म्हणाली. "मला तुमचाच तर झालाय. हळू बोला, मी मोठ्यानं सांगते."

आणि आम्ही दोघांनी मिळून माझा कबुलीजबाब दिला. मी मास्कमधून पुटपुटायचो, ती गजाला धरून गुजरातीत गर्जायची. मी म्हणालो, मंगळवारी माझा घसा खराब होता. ती ओरडली, "मंगळवारे आ भाईनुं गळुं खराब हतुं!" आणि स्वतःकडून जोडलं, "ने तोय घेर ना बेठा!" तरीही घरी बसले नाहीत, हे मी म्हटलं नव्हतं. मी म्हणालो, पत्रकाला बोट लावलं. तिनं जीभ बाहेर काढून, बोट ओलं करून, हवेत वीस पत्रकं वाटून दाखवली. मी म्हणालो, मी सर्वांसमोर खोकलो. तिनं आधी चुकीचं खोकून दाखवलं आणि मग बरोबर. हुबेहूब माझ्यासारखं. मान कशी वाकडी करतो तेसुद्धा. नको त्या दिवशी बाईंनी सगळं नीट पाहिलं होतं.

मागच्या खुर्च्यांवरून कुणीतरी हसलं. मग बरेच हसले. महेंद्रभाई हसले नाहीत. ते उठले, फळ्यापाशी गेले, नोटीस काढून चार तुकडे केले, आणि तेवढ्यात तीनशे चारच्या भाभी उभ्या राहून म्हणाल्या, "कपिला, आज येतेस की उद्या?"

"परवा," कपिलाबेन म्हणाली. "अजून खोकला आहे. या भाईंसारखं नाही करायचं मला." आणि जाता जाता महेंद्रभाईंना, "आणि ती लिफ्टची पाटी?" ती पाटी पुढच्या आठवड्यात निघाली. मी काढली नाही, पण श्रेय थोडं घ्यायला हरकत नाही.

कुलकर्णी आजोबा मीटिंगनंतर चार दिवसांनी दवाखान्यातून घरी आले. त्यांना भेटायला गेलो तेव्हा म्हणाले, "अहो, झालं ते झालं. पाणी घ्या." मी पाणी घेतलं नाही. त्यांचा अपमान झाला. तो मी पत्करला. विनोद करायच्या नादात हे राहून जायला नको म्हणून लिहितो. म्हातारा माणूस होता, उलटंही होऊ शकलं असतं. त्या चार दिवसांत मी, फुटेल तेवढ्या आवाजात, दवाखान्यात रोज फोन करायचो आणि नाव सांगायचो नाही.

कपिलाबेनला सहापैकी पाच घरं परत मिळाली. पाचव्या मजल्यावरच्या एका कुटुंबानं मीटिंगची वाट न बघता आधीच दुसरी बाई ठेवली होती. मी त्यांच्याकडे तीन वेळा गेलो. "तुमचं म्हणणं पटतं, मोहितेभाई," ते म्हणाले, "पण आता हिला कसं काढायचं?" माझा खडू पुसला जायचा, हे नाही पुसलं गेलं.

मागच्या वर्षी मी निवृत्त झालो. खात्यानं शाल दिली, नारळ दिला. शेवटच्या दिवशी सवयीनं चंद्रमौलीत चक्कर मारली. कपिलाबेन लिफ्टमधून खाली आली आणि पिशवीतून एक गोल डबी काढून माझ्या हातात ठेवली. बँकेत कॅशियरकडे असते ना, आत ओला स्पंज असलेली, नोटा मोजताना बोट ओलं करायला, तसली. हा लेख कागदावर लिहिलाय आणि पानं त्याच डबीनं उलटली आहेत, तेव्हा संपादकांनी निर्धास्त हात लावावा.

मी डबी उघडून बघत होतो.

"रोज पाणी बदलायचं हं, भाई," ती म्हणाली. "नाहीतर त्यात डास होतील. मग मेलेरियावाळा येईल घरी."